गोळी तुही, दूध माहं

वडनेर
९ नोव्हेंबर २०२५

सपना,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहितात. सासूचा आशीर्वाद तू आता घेशील का नाई ठाऊक नाई, म्हणून सीधी सुरुवात करून राह्यली.

तू माहा फोन उचलत नव्हती, तोवर निदान घंटी तरी जात होती. आता एक बाई म्हणते, हा नंबर उपलब्ध नाही. दिवसातून दोनदा तिचं ऐकते मी. शेवटी पोस्टातून पाकिटं आणली. पोस्टमास्तर हासला, म्हणे, मंदाबाई, आता कोण पत्र लिहिते? म्हटलं, ज्याचा फोन कोणी उचलत नाई तो लिहिते.

हेमराज बरा आहे. हे पहिले सांगते, कारण तू विचारणार नाई. सकाळी नऊले कृषी केंद्र उघडते. तुरीवर अळी पडली म्हणून कास्तकार येऊन राह्यले, त्यायच्याशी धड बोलते, बिल फाडते. छातीतली धडधड गेली, हाताची थरथर गेली. परवा दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तं मीच म्हटलं, बाप्पा, पुरे.

तुले पिपरी मेघेले माहेरी जाऊन अडीच महिने झाले. रक्षूचा आवाज नाई घरात. हेमराजचे बाबा टीव्ही मोठ्यानं लावतात, तेवढाच आवाज. झालं गेलं गंगेले मिळालं समज अन् ये आता. सणासुदीले आली असती तं बरं दिसलं असतं, पण जाऊ दे.

गांजाचं म्हणशील तं तपासणीत निघाला, निघाला. मी कुठं नाई म्हणते? तो ऋतिक आहे ना, स्टँडवरचा गाड्या दुरुस्त करणारा, त्याच्या टपरीवर हेमराज बसे. त्यानंच पाजला असन. हेमराजच्या बाबानं त्याले चांगलं झापलं, दुकानाची पायरी चढू नको म्हणून सांगतलं. आता तं झालं? माणूस एकदा चुकते. पण तू म्हणते, चुकला म्हणून नाई गेली, पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ खाल्ली म्हणून गेली.

तुह्या बाबाच्या वकिलाचा कागद आला. फारकतीचा. हेमराजनं उभ्यानं वाचला, घडी घातली अन् शर्टाच्या खिशात ठेवला. मंग गिऱ्हाइकाले विचारलं, किती एकर आहे? मी आतून पाहून राह्यली होती.

उत्तर देजो.

मंदाबाई

•

वडनेर
२३ नोव्हेंबर

सपना,

उत्तर आलं नाई. पाकीटही परत आलं नाई, त्यावरून मी समजते की घरात घेतलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तू माहेरून परत येत होती, बसमध्ये होती. तू पाह्यलं ते शेवटचं. आधीचं मी याले त्याले विचारून जोडलं आहे, ते तुले कोणी सांगतलं नसन. ऐक.

रक्षूचा लाकडी नंदी हेमराजनंच रंगवला होता. शिंगाले बेगड लावली, गळ्यात घुंगरू बांधलं. दुपारी चारले बापलेक निघाले मारुतीच्या पाराकडे. तिथं सारे पोट्टे आपापले नंदी घेऊन ओळीत उभे. हेमराज घामानं निथळत होता, अन् आभाळ तं भरलेलं होतं. शेजारच्या कौशल्याबाईले म्हणाला, काकू, मले माहं काळीज कानात ऐकू येऊन राह्यलं. त्या म्हणाल्या, पाणी पी. तो रक्षूले घेऊन घराकडे निघाला अन् घराकडे न वळता हायवेवर गेला. ढाब्याजवळ पोरीचा हात सुटला. नंदी नाई सुटला. कोसभर पुढे रस्त्याच्या कडेले बसलेला सापडला, नंदी पोटाशी धरलेला, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले म्हणे, हळू बोला, रक्षू झोपली. त्याले वाटे, मांडीवर पोरगीच आहे.

खरी पोरगी ट्रकांच्या रांगेत उभी होती. ढाबेवाल्यानं उचलून खाटेवर बसवलं म्हणून वाचली. मले अजून त्या माणसाचं नाव माहीत नाई, पाहा.

वर्ध्याच्या दवाखान्यात नाडी एकशे पन्नास. लघवी तपासली तं गांजा निघाला. तिसऱ्या दिवशी भानावर आल्यावर डॉक्टरीण बाईनं विचारलं, कधीपासून पिता? तो म्हणे, कधीच नाई. कोणी ऐके ना. मंग त्यानं तुह्या कडेवरच्या रक्षूच्या डोक्यावर हात ठेवला. तू तो हात झटकला. मी पलंगाच्या पायथ्याशी होती, सारं पाह्यलं.

आता गावात म्हणतात, गांजा सुटला अन् पोरगा सुधरला. तुह्या घरीही हेच म्हणत असतीन. जितका तो बरा होऊन राह्यला तितका खोटा ठरून राह्यला, असं झालं आहे. परवा दुकानाचं शटर ओढता ओढता मले म्हणे, आई, मी पीत असीन का वं? मले आठवत नाई, पण मले तं पोरगी कुठं सोडली हेही आठवत नव्हतं.

मी म्हटलं, आधी जेव.

सोळा जानेवारीची तारीख आहे वर्ध्याच्या कोर्टात. तो सही करणार म्हणते. भेटायचा हक्कही नको म्हणते. त्याचं म्हणणं असं, की ज्या माणसाले आपण काय केलं तेच ठाऊक नाई, त्यानं पोट्टीच्या जवळ जाऊ नये. मी त्याले खूप समजावलं. थकली आता समजावून.

मंदाबाई

•

वडनेर
५ डिसेंबर

सपना,

ऋतिकचं नाव मी घेतलं ते खोटं. तो तसा नाई. त्या दिवसापासून तो आमच्या दुकानापुढून जाते तं तोंड फिरवून जाते, अन् मले मेल्याहून मेल्यासारखं होते. एवढं लिहून टाकलं.

आता तू म्हणशील, खोटं काऊन बोलली. बाई, खरं बोलायले जे लागते ते माह्यात नव्हतं.

एक गोष्ट सांगते, राग येईन. तू या घरात आली तेव्हा हेमराज एकदम चांगला होता. चार वर्षानं त्याचं मन बसलं. कारण काई नाई. दुकान चालत होतं, बायको सोन्यासारखी, पोरगी चिमणीसारखी, तरी हा भिंतीकडे तोंड करून निजे. गिऱ्हाइकानं हाक मारली तं उठे ना. मी म्हटलं, नजर लागली. मीठ-मिरच्या ओवाळल्या. हेमराजचे बाबा म्हणाले, आळस आहे. तू कोणाचंच ऐकलं नाई, त्याले गाडीवर बसवून वर्ध्याले घेऊन गेली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हा आजार आहे, कारण असलंच पाहिजे असं नाई. गोळ्या दिल्या. तू ती डबी फ्रिजवर ठेवली अन् रोज जेवल्यावर तुह्या हातानं त्याच्या तळहातावर एक गोळी ठेवे.

महिन्या-दीड महिन्यानं तो उठून बसला. मले आनंद झाला नाई असं नाई. पण एक दिवस तो तुले म्हणे, तुह्यामुळे बरा झालो मी. मी दारात उभी होती, हातात ताट होतं. ते ताट घेऊन मी परत मागं फिरली.

बत्तीस वर्षं मी त्याच्या पोटात काय जाईन ते ठरवलं, सपना. अन् तू फ्रिजवर डबी ठेवून मोकळी. मले ते लागलं. शिकलेल्या बाया म्हणतीन, किती हलकं मन. आहे हलकं. काय करू.

गोळ्यांनी त्याचं तोंड कोरडं पडे, सकाळी उठायले नऊ वाजत. हेमराजचे बाबा तिले पागलखान्याची गोळी म्हणत. मले वाटे, ही सुटली पाहिजे. म्हणून महाशिवरात्रीले मी त्याले दुधातून प्रसाद दिलता. आपल्या भजनी मंडळाचे नत्थूजी पचमढीच्या महादेवाले गेलते, त्यायनं भांग आणलती. एकदाच दिली. देवाचं म्हणून.

बस, सांगून टाकलं. एकदाच.

मंदाबाई

•

वडनेर
१४ डिसेंबर

सपना,

एकदाच नाई.

मागचं पाकीट पेटीत टाकलं अन् घरी येईस्तोवर समजलं, अर्धंच लिहिलं. एका प्रसादानं सहा महिन्यानं तपासणीत काई निघत नाई, एवढं तुले समजत असन. तू बी.एस्सी. शिकली. मी कोणाले फसवून राह्यली होती, ठाऊक नाई.

महाशिवरात्री ते तान्हा पोळा, रोज. फक्त मी वर्धमनेरीच्या लग्नाले गेलती ते तीन दिवस सोडून. पहिले भांगेची वाटाण्याएवढी गोळी, मंग बोराएवढी. इलायची घाले, साखर जास्त घाले, म्हणजे कडसर लागू नये. त्याले म्हणे, घे, म्हशीचं आहे, झोप चांगली लागते. अन् लागली झोप त्याले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणाला, आई, तुह्या दुधानं मस्त झोप आली. हे ऐकायसाठीच तं केलं होतं सारं. त्यानं गोळी तुह्या हातून घेतली अन् दूध माह्या हातून. तू पाहत होती समोर. तूही म्हणाली होती एकदा, आईच्या दुधानं फरक पडला.

मले भांग म्हणजे नशा वाटलीच नाई, हे मी खरं सांगून राह्यली. आपल्या जिल्ह्यात दारूले बंदी, आपल्या घरात दारूचा थेंब नाई, याचा हेमराजच्या बाबाले केवढा ताठा! लग्नाच्या बोलणीतही त्यायनं तुह्या बाबाले पहिले हेच सांगतलं होतं. दारू म्हणजे नशा. गांजा म्हणजे पारावरचे निकामे लोक. अन् भांग म्हणजे देवाचं. तीन वेगळ्या वस्तू होत्या माह्यासाठी.

ज्येष्ठात त्याची धडधड सुरू झाली. हात थरथरे. चिडे, रक्षूवर ओरडे, मंग तिले उचलून घेऊन रडे. मले वाटलं, गोळीचा त्रास आहे, दूध वाढवावं. तुले वाटलं, आजार वाढला, गोळी वाढवावी. तू त्याले वर्ध्याले नेलं, मीही सोबत आली. डॉक्टरीण बाईनं विचारलं, काही नशापाणी? दुसरं काही औषध, झाडपाला, काढा? हेमराज म्हणे, नाई. त्याले ठाऊक असन तं सांगन. त्यायनं माह्याकडे पाह्यलं. मी म्हटलं, मॅडम, आमच्या घरात थेंब नाई.

त्यायनं गोळी दुप्पट केली. घरी येऊन मी दूध दिलं.

आता ऐक, यातलं सारं मले समजलं कधी. दवाखान्यात गांजा निघाला तेव्हा मी तुह्यासारखीच चाट पडली. मलेही वाटलं, पोट्टं खोटं बोलून राह्यलं. चौथ्या दिवशी मी गावात कपडे घ्यायले आली अन् नत्थूजीले विचारलं, की हा गांजा शरीरात येते कुठून? तो म्हणे, बाई, एकाच झाडाचं आहे ते. पाला ती भांग, तुरा तो गांजा. तपासणीत दोन्हीचं एकच निघणार. मंग म्हणे, कोणाले देऊन राह्यल्या होत्या तुम्ही? त्याच्याकडून भांग घेताना दर वेळी मी म्हटलं होतं, हेमराजच्या बाबाचं कंबरडं दुखते, त्यायच्यासाठी पाहिजे. तेही खोटं होतं. गोळ्या चालू आहेत हे नत्थूजीले सांगायची मले लाज वाटे, की गावात होईन, मंदाबाईचा पोरगा डोक्याच्या गोळ्या खाते. आता सांगतलं तं तो म्हणाला, कोणत्या गोळ्या चालू असत्या तं मी दिलीच नसती, माह्या साडूचं असंच झालं होतं. म्हणजे भांगवाल्यापासून गोळी लपवली अन् गोळीवाल्या बाईपासून भांग लपवली. दोघातल्या एकाले जरी सांगतलं असतं!

अन् आपलं दुकान कशाचं आहे, सपना? तीस वर्षं झाली मी त्या गादीवर बसते. कोणी कास्तकार दोन शिश्या एकदम मागे तं मीच ओरडे, अरे, दोन औषधं फवारणीच्या एका पंपात न विचारता घालू नको, एखाद्या वेळी कपाशीची पऱ्हाटी जळन. हेमराजनं त्याची पाटी रंगवून लावली भिंतीवर, लाल अक्षरात. पऱ्हाटीची एवढी काळजी! अन् पोराच्या पोटात मी आंधळ्यासारखं दोन्ही ओतत राह्यली.

उरलेली भांग त्याच दिवशी मी नाल्यात टाकली. दूध बंद केलं. म्हणून तो सुधरला. त्यानं काई सोडलं नाई, त्याच्याकडे सोडायले काई नव्हतंच. मी सोडलं अन् नाव त्याचं झालं. त्यानं रक्षूच्या डोक्यावर हात ठेवून जे सांगतलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. मले ते दुसऱ्याच दिवशी ठाऊक झालं होतं अन् मी पावणेचार महिने मूग गिळून बसली.

काऊन बसली? भीती वाटली. पोरगा तोंड पाहणार नाई, गाव थुंकन, तू तं काय करशील ते वेगळंच. एवढंच कारण आहे. मोठं कारण शोधलं, पण सापडलं नाई.

हे पत्र तुह्या बाबाले वाचून दाखवजो. वकिलाले दाखवजो. खाली पूर्ण सही करून राह्यली.

मंदाबाई डोमाजी, राहणार वडनेर

•

वडनेर
२८ डिसेंबर

सपना,

पत्रात सांगणं सोपं होतं, तू समोर नव्हती. हेमराजले सांगायले मले आणखी नऊ दिवस लागले. एकटीनं घरात सांगायची हिंमत झाली नाई, म्हणून त्याच्या तपासणीच्या तारखेले मी त्याच्यासोबत वर्ध्याले गेली. डॉक्टरीण बाईपुढे बसली अन् म्हटलं, मॅडम, गांजा यानं नाई पेला. भांग मी दिली, दुधातून, याले न सांगता. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलली.

बाई ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. त्यायनं पेन खाली ठेवला. मंग मले समजावलं, लहान पोराले सांगतात तसं. ती जुनी गोळी एकटी असली तरी ठोके थोडे वाढवते. भांगही वाढवते. दोन्ही एका शरीरात गेल्या की काळीज आवरत नाई, माणसाले भ्रम होते, समोर काय आहे ते समजत नाई. बाई म्हणाल्या, त्यात मी गोळी दुप्पट केली, कारण मले वाटलं आजार वाढला. अजून थोडं झालं असतं तं तो जिवानिशी गेला असता. अन् असे पेशंट माह्याकडे येतात, म्हणे, दर होळी-शिवरात्रीले येतात, घरचे सारे म्हणतात, नशा नाई करत, देवाचं घेते.

मंग त्या हेमराजकडे वळल्या. म्हणाल्या, तुमचं मी ऐकलं नाही. कागदावर विश्वास ठेवला. माझीही चूक झाली.

हेमराज खुर्चीतून माह्याकडे वळला. मले वाटलं, आता उठन अन् मले मारन. तो मले म्हणाला, म्हणजे मी खोटी शपथ नाई खाल्ली?

मी म्हटलं, नाई रे बाप्पा.

पुन्हा म्हणे, रक्षूच्या डोक्यावर हात ठेवून मी खरं बोललो होतो?

म्हटलं, हो.

म्हणजे मी पागल नाई झालतो. आठवत नव्हतं म्हणून नाई, मी पेलोच नव्हतो म्हणून आठवत नव्हतं.

तिसऱ्यांदा विचारलं त्यानं, चौथ्यांदा विचारलं. हासला. मंग त्या टेबलावर डोकं ठेवून असा रडला सपना, की बाहेरचे लोक दार ढकलून पाहायले लागले. मी हात लावायले गेली तं डॉक्टरीण बाईनं मानेनंच मले नाई म्हटलं.

बसमध्ये तो पुढच्या सीटवर बसला, मी मागच्या. हिंगणघाटले बस बदलली, तेव्हाही तसंच. घरी आल्यावर बाबाले सारं त्यानंच सांगतलं, दोन वाक्यात. हेमराजचे बाबा माह्याशी बोलत नाईत, आता पोराशी थोडं बोलतात. त्यायच्या तोंडून ते पागलखान्याचं नाव मात्र गेलं. ऋतिकच्या टपरीवर ते स्वतः जाऊन आले, काय बोलले मले ठाऊक नाई.

हेमराज दुकानातच स्टोव्ह ठेवून स्वयंपाक करते. भात अन् तुरीची डाळ. मी केलेलं काई खात नाई. माठातलं पाणीही घेत नाई, हापशीवरून भरून आणते. भांडत नाई, रागावत नाई. आई म्हणते, विचारलं तं उत्तर देते. पण खात नाई. गोळी नवीन आहे आता, डॉक्टरीण बाईनं समजावून दिली, तो स्वतः घेते, वेळेवर घेते. मध्येच बंद करू नका म्हणून सांगतलं आहे, तं बंद करत नाई. चांगला आहे, सपना. आता खरंच चांगला आहे.

त्यानं तुले काई सांगतलं नाई, हे मले ठाऊक आहे. म्हणते, काय सांगू? पहिले खरं सांगतलं तेव्हा कोणी ऐकलं? फारकतीची सही मात्र अजून करतो म्हणते, की घरचं पाणी पिऊन जिथं माणसाले धोका आहे तिथं पोट्टीले कसं आणू? त्याचं म्हणणं चुकीचं नाई. फक्त धोका तो नाई, मी आहे, हे तुले समजलं पाहिजे. सोळा तारखेले मी येऊन राह्यली. तू नको म्हटलं तरी येईन. कोर्टातल्या ज्या बाई समजूत घालतात त्यायच्यापुढे बोलीन, तुह्या बाबापुढे बोलीन.

मले माफ कर असं लिहाले बसली होती. खोडलं. तू फक्त त्याच्यावर भरोसा ठेव. माहं काय व्हायचं ते होईन.

मंदाबाई

•

वडनेर
१८ जानेवारी २०२६

सपना,

तुही चिठ्ठी मिळाली. चार ओळी असल्या तरी तुह्या हातच्या आहेत. तुही अट मले मंजूर आहे. हिंगणघाटले खोली पाहा, हेमराजनं रोज येणं-जाणं करावं, रक्षूले तिथंच शाळेत घालावं. मी त्या घरी येणार नाई. तुम्ही इकडे आले तं चूल तुही. हेमराजचे बाबा म्हणाले, हे जास्त होते. मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा.

कोर्टात मी बोलून राह्यली होती तेव्हा तू एकदाही माह्याकडे पाह्यलं नाई. मी तुह्याकडेच पाहून बोलत होती. सारं ऐकल्यावर तू हेमराजले एवढंच विचारलं, जेवले का तुम्ही? तो म्हणे, नाई. तू तुहा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला अन् तो जेवला. तिथंच, बाकावर, सगळ्या लोकांपुढे. मी वीस-पंचवीस दिवसानं त्याले कोणाच्या हातचं खाताना पाह्यलं. तुह्या बाबाचा वकील कागद घेऊन उभा होता तो उभाच राह्यला.

आता जे सांगायसाठी हे पत्र लिहाले बसली ते सांगते.

बाहेर व्हरांड्यात रक्षू धावत माह्याजवळ आली. आजी, आजी करत. केवढी उंच झाली! तिळसंक्रांत होऊन दोनच दिवस झालते, पदराले एक लाडू बांधून आणला होता, तो मी तिच्या हातावर ठेवला. विचार केलाच नाई, सवयीनं हात गेला. ती तोंडात घालणार तं तू आली, तिच्या हातातून लाडू काढून घेतला अन् माह्या हातात परत ठेवला. जोरात नाई. रागानंही नाई. अन् तिले कडेवर घेऊन गेली.

लाडवात तीळ अन् गूळ होता, दुसरं काई नाई. हे सांगायले मी तोंड उघडलं होतं, मंग बंद केलं. तुह्या जागी मी असती तं मीही काढून घेतला असता.

मंदाबाई